आठ ते नऊ बंद

४ फेब्रुवारी

दादास,

फोन करायचा सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. आमचा फोन टीव्हीच्या शेजारच्या स्टुलावर असतो. मागच्या वेळी आपण बोललो तेव्हा मालिकेतली सासू हंबरडा फोडत होती आणि तू मलाच विचारत होतास, "अगं, रडतेस कशाला? काय झालं?" मी ओरडले, "मी नाही रे, ती!" तर मामंजी म्हणाले, "जरा हळू बोल, ऐकू येत नाहीये." मला म्हणाले हळू बोल! टीव्हीला या घरात कोणी हळू बोल म्हणत नाही.

कानामागून आली आणि तिखट झाली, तशी गत आहे. माझी टिल्लू तिसरीत असताना हा टीव्ही आला आणि आज घरातला कर्ता पुरुष होऊन बसलाय. बाहेरच्या खोलीतल्या सगळ्या खुर्च्यांची तोंडं त्याच्याकडे. कोणी भेटायला आलं तर त्यालाही त्याच रांगेत बसवतात, मग त्याच्याशी बोलायचं तर मान मोडून घ्यावी लागते. मामंजींना कमी ऐकू येतं, म्हणून आवाज असा की समोरच्या बिल्डिंगमधल्या बाईला वेगळा टीव्ही घ्यावा लागला नाही. आणि आमचे हे! दिवसभर बसस्टँडवर माईकवर पुकारा करायचा, कुठली गाडी कुठल्या फलाटावर. घरी आले की तोंडाला कुलूप. म्हणतात, "बोलण्याचाच पगार घेतो मी, आता घरी तरी सुटका दे."

मी दिवसभर दुकानात लोकांच्या पॅन्टा आखूड करते. सहाला सुटते, सातला घरी येते, आणि ताटं हातात घेऊन तीन पाठमोऱ्या डोक्यांच्या मागे उभी राहते. रोज.

एवढी वर्षं हे चाललं, मग आत्ताच का चिडतेस, असं विचारशील. टिल्लूला नर्सिंगला प्रवेश मिळालाय. जूनअखेरीला जाईल. तीन वर्षं हॉस्टेल, मग नोकरी, मग तिचं लग्न. ती या घरात राहणार ते हे पाच महिने, दादा. आणि मला तिच्याबद्दल काय माहीत आहे? तिच्या मापाचं कापड किती लागतं तेवढं.

म्हणून तुझ्याकडे एकच मागणं. तू वीस वर्षं टीव्ही दुरुस्त करतोयस. मला फक्त एवढं सांग, मागचं झाकण उघडून कुठली वायर काढली की तो बंद पडेल आणि इथल्या मेकॅनिकला कारण सापडणार नाही?

तुझी धाकटी

११ फेब्रुवारी

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र दुकानात वाचलं आणि एकटाच हसलो. एक गिऱ्हाईक घाबरून बाहेर जाऊन उभं राहिलं. अगं, डॉक्टरकडे जाऊन "आमच्या माणसाला जरा आजारी पाडा" असं कोणी सांगतं का?

पण एक गोष्ट गंभीरपणे लिहितो. मागच्या झाकणाला हात लावू नकोस. बटण बंद केलं तरी नळीत करंट साठून राहतो. मी वीस वर्षं हे काम करतो, तरी एक हात पाठीमागे ठेवूनच करतो. तू तर तापट, दोन्ही हात घालशील.

आणि बाई, चोरून कशाला? राजरोस नियम कर. जेवणाची वेळ, रात्री आठ ते नऊ, टीव्ही बंद. एक तास. घरातलं कोणी मरत नाही तेवढ्यानं. बंद पडलेला टीव्ही दुरुस्त करतात. नियम दुरुस्त करायला मेकॅनिक नसतो.

आमचंच बघ. दुकानात चौदा टीव्ही एकाच वेळी बोलत असतात, म्हणून घरात मी एकही ठेवला नाही. आम्ही दोघंच, पण जेवायला बसलो की तासभर गप्पा. भात गार होतो, तुझी वहिनी रागावते, आणि तीच पुन्हा नवा विषय काढते.

तुझा दादा

२ मार्च

दादा,

केला नियम. शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा दुकानातून आणला, त्यावर जाड अक्षरात "आठ ते नऊ बंद" लिहिलं आणि आठ वाजता काचेवर टांगला. भांडण होईल म्हणून पदर खोचून तयार होते. कोणी भांडलंच नाही. तिघांनी इतक्या शहाण्यासारखा नियम पाळला की मला तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

मामंजी आठला खुर्ची ओढून बंद टीव्हीसमोर बसतात आणि तासभर तो पुठ्ठा वाचतात. दर पाच मिनिटांनी, "किती वाजले?" हे जेवण उरकून खुर्चीतच मान टाकतात. बरोबर नऊला जाग येते, घड्याळ बघावं लागत नाही. टिल्लू "वही आणायला" शेजारी जाते. शेजारी तीच मालिका लागलेली असते. नऊला परत येऊन आजोबांना मधला भाग सांगते. आजोबा-नातीचं बोलणं होतं, नाही असं नाही. पण ते कोणी कोणाच्या घरात चोरून पाऊल टाकलं त्याचं.

मी तासभर बोलते. एकटी. परवा टिल्लूला हाताला धरून बसवलं. म्हटलं, बोल. ती म्हणाली, "काय बोलू?" मी विचारलं, अभ्यास झाला? डबा धुतलास? केसांना तेल लावलंस? ती शांतपणे म्हणाली, "आई, तू बोलत नाहीस. हजेरी घेतेस."

मला फार लागलं. चिडून ताट आपटलं, तेही चुकलं. नंतर भांडी घासताना विचार केला, तर पोरीचं खरं होतं. मला दुसरं काही विचारता येत नाही, दादा. कोणी मला विचारलं नाही, मी कोणाला विचारलं नाही. टीव्ही बंद केला, तर खाली काही नव्हतंच.

तेव्हा आता तूच सांग. तुम्ही दोघं तासभर काय बोलता ते मला लिहून पाठव. अगदी वाक्यासकट. वहिनी काय विचारते, तू काय सांगतोस. मी तसंच विचारून बघते. चार महिने राहिले.

तुझी धाकटी

९ मार्च

चि. धाकटीस,

गप्पा कोणी लिहून ठेवतं का? पण तू हट्टाला पेटलीस की थांबत नाहीस, म्हणून परवाचंच लिहितो.

जेवताना तुझी वहिनी म्हणाली, "लहानपणी तुम्हाला कशाची भीती वाटायची?" मी म्हटलं, भीती कसली, मी धीट होतो. ती म्हणाली, "खरं सांगा."

मग सांगितलं. आपले बाबा कामावरून आले की जिन्यात चपला झटकायचे, आठवतं? हळू दोनदा झटकल्या तर दिवस बरा गेलेला. जोरात एकदा झटकल्या तर आपलं काही खरं नाही. तू लहान होतीस, तुला मी मोरीत लपवायचो आणि खेळ आहे असं सांगायचो. मला त्या आवाजाची भीती वाटायची. आणि एवढा घोडा झालो, पण अजूनही घरी जाताना मी खालच्या पायरीवर चपला काढून हातात घेतो आणि आवाज न करता वर जातो. माझ्या पायांच्या आवाजानं घरात कोणी दचकू नये, म्हणून.

वहिनीनं माझ्या वाटीत भाजी वाढली. असं काहीतरी असतं बघ आमचं बोलणं. विचारून बघ.

तुझा दादा

२८ मार्च

सौ. वहिनीस सा. न.

तुम्हाला वेगळं पत्र लिहीत नाही कधी, पण या वेळी आभार मानल्यावाचून राहवेना. दादाला मी विचारलं होतं की तुम्ही जेवताना काय बोलता, आणि त्यानं तुमचा तो प्रश्न लिहून पाठवला, "लहानपणी कशाची भीती वाटायची?" जिन्यातल्या चपलांचं वाचून मला रात्रभर झोप नाही. तो मला मोरीत लपवायचा ते आठवतं, पण मला तो खेळच वाटायचा. आणि तो अजून चपला हातात घेऊन घरी येतो, हे तर माहीतच नव्हतं. तुम्ही विचारलंत म्हणून निघालं. माझ्या भावाचं नशीब की त्याला तुमच्यासारखी विचारणारी मिळाली.

मी तोच प्रश्न काल आमच्याकडे टाकला. मग हे म्हणाले, "लहानपणी नाही, आत्ता वाटते. माईक बंद असेल आणि मी बोलत राहीन, ही." आणि हसले. यांना जेवताना हसलेलं मी वर्षानुवर्षांत पाहिलं नव्हतं. टिल्लूला विचारलं. म्हणाली, "आहे एक. नंतर सांगते." तेवढ्यात मामंजी बोलायला लागले. "नदीची," म्हणाले. "माझा एक धाकटा भाऊ होता."

वहिनी, वीस वर्षं मी या घरात आहे. मामंजींना भाऊ होता हे मला माहीत नव्हतं, यांनाही माहीत नव्हतं. आम्ही घास हातात धरून थांबलो. ते म्हणाले, "आम्ही दोघंच गेलो होतो, आईला न सांगता." आणि त्यांची नजर घड्याळावर गेली. "अरे, नऊ." उठले, पुठ्ठा काढला, टीव्ही लावला. त्यात टिल्लूचंही राहून गेलं.

मी काय करू? तुम्ही असता तर काय केलं असतंत?

तुमची नणंद

६ एप्रिल

वन्संस सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, पत्ता चुकला.

वन्सं, तो प्रश्न मी विचारलेला नाही. आमच्या घरी टीव्ही नाही एवढं खरं. तुमचे दादा सातला गिऱ्हाईक संपलं तरी दुकानात बसून राहतात, त्या चौदा टीव्हींसमोर, आणि नऊ-साडेनऊला येतात. मी जेवण झाकून ठेवते. आमचं बोलणं म्हणजे पाणी आलं का, दूधवाला आला का, आणि उद्या कोणती भाजी. ते संपायला तास लागत नाही. भात गार होतो, ते मात्र त्यांनी खरं लिहिलं.

मी तुमच्या दादांची निंदा करायला बसलेले नाही. पण ती चपलांची गोष्ट वाचून मी ओट्यापाशी खाली बसले. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. एकोणीस वर्षं हा माणूस चोरासारखा घरात शिरतो आणि मला वाटायचं, मला चाहूल लागू नये, मी काही विचारू नये, म्हणून. मी त्याचा राग धरला होता. मीही मग आल्याची दखल घेणं सोडून दिलं. पाठ करून काम करत राहायचे.

आणि ते मी दचकू नये म्हणून येत होते.

हे त्यांनी तुम्हाला लिहिलं. माझ्या तोंडी प्रश्न घालून लिहिलं. मला तो प्रश्न विचारता आला असता तर किती बरं झालं असतं. तुम्ही विचारता, मी असते तर काय केलं असतं. मी काय सांगणार? मला सांगता आलं असतं तर माझ्याच घरात केलं नसतं?

तुमची वहिनी

१२ एप्रिल

दादा,

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. याच्यापुढे तुला काय लिहू? वहिनीचं पत्र आलं. तुला दाखवलंय की नाही, मला माहीत नाही.

मी तुझ्या घराकडे बघून माझं घर मोडायला निघाले होते. कुठेतरी अशी दोन माणसं आहेत जी जेवताना बोलतात, एवढ्या आधारावर मी महिनाभर सगळ्यांचे टोमणे ऐकले. आणि ती दोन माणसं नव्हतीच! तू कुणाला फसवलंस रे? मला? वहिनीला?

इथलंही ऐक. मामंजींचा भाऊ माझ्या डोक्यातून जाईना. त्या नदीवर पुढे काय झालं ते ऐकायचंच म्हणून परवा मी नऊला पुठ्ठा काढू दिला नाही. ते उठून पुठ्ठ्याला हात घालायला लागले. मला काय झालं कोण जाणे, दुकानाची मोठी कात्री घेतली आणि खिडकीतून आत येणारी केबलची वायर कापली. कच्च. मग खुर्ची त्यांच्यासमोर ओढून बसले आणि म्हटलं, "मामंजी, सांगा ना पुढचं."

ते म्हणाले, "कशाचं पुढचं?"

यांनी दहा मिनिटांत वायर सोलून चिकटपट्टीनं जोडली. माझ्या बंडाचं आयुष्य दहा मिनिटं. तेव्हापासून मामंजी माझ्या हातचा चहा घेत नाहीत, हे नुसते सुस्कारे टाकतात. आणि टिल्लू म्हणाली, "आई, मी जाईपर्यंत तरी घरात शांतता राहू दे. आजोबांना सांगायचं नाहीये, कळत नाही का तुला?"

मला कळत नाही! मला काहीच कळत नाही! जिच्यासाठी हे सगळं मांडलं ती माझ्यापासून आणखी लांब गेली. तिचं ते "नंतर सांगते" अजून नंतरच आहे. पुठ्ठा काढून टाकलाय. टीव्ही पूर्वीसारखा सुरू आहे, आठ ते नऊही.

धाकटी

३० एप्रिल

धाकटे,

अठरा दिवस लागले उत्तर द्यायला. तू शिव्या घातल्यास त्या सगळ्या पोचल्या.

फसवायला लिहिलं नव्हतं. पहिल्या पत्रात थाप मारली, मोठा भाऊ म्हणून. मग तू म्हणालीस वाक्यासकट लिही. लिहायला बसलो तर पहिल्यांदा काही सुचेना, आणि मग थांबवेना. लिहिता लिहिता मलाच ते घर आवडायला लागलं. तुला लिहिताना समोर कोणी नसतं गं. म्हणून जमतं.

तुझी वहिनी चार दिवस बोलली नाही. मग म्हणाली, "हे मला का नाही सांगितलंत?" मी उभाच राहिलो. आता दुकान सातला बंद करतो. समोरासमोर बसतो. अजून बोलणं दूधवाल्याच्या पुढे फारसं जात नाही, खोटं कशाला लिहू. मी चपला मात्र आता दारात येऊन काढतो. तिनंच सांगितलं, आवाज येऊ द्या.

मामंजींना सोड. टिल्लूला धर. अजून दोन महिने आहेत.

दादा

२१ जुलै

दादा,

दोन महिने नव्हते. संस्थेचं पत्र आलं की वर्ग तीन आठवडे लवकर सुरू होतात. टिल्लू नऊ जूनला गेली. बारा दिवसांत सगळं. चादरी, पांढरे बूट, फोटो, दाखले. मला तुला लिहायलाही सुचलं नाही. गाडी सुटताना हे माईक सोडून केबिनमधून खाली आले आणि नुसते खिडकीशी उभे राहिले. मामंजी घरीच थांबले. मी आल्यावर त्यांनी चहासाठी मुकाट्यानं आपला रिकामा कप माझ्यापुढे केला, एवढंच आमचं समेटाचं बोलणं.

मला आठवून आठवून राग येतो तो माझा. फेब्रुवारीपासून मी त्या पोरीशी काय बोलले? टीव्ही बंद कर. टीव्ही का लावलास? टीव्ही लावला की मला काय वाटतं माहीत आहे का? एवढंच. जो वेळ मला तिच्यासाठी हवा होता, तो सगळा मी त्या डबड्याशी भांडण्यात घालवला. हे चार महिने टीव्हीनं खाल्ले नाहीत, मी खाल्ले.

गेल्या रविवारी तिला भेटायला गेले. एकटी. चार तास प्रवास, आणि भेटायची वेळ चार ते पाच. भेटीची खोली लांबलचक, भिंतीला लागून खुर्च्या, आणि समोर उंचावर, हसू नकोस, टीव्ही. चालू. बारा-पंधरा आईबाप आणि त्यांच्या मुली, सगळ्यांच्या माना वर. मला रडू आलं ते मायेनं नाही, संतापानं. त्याचं बटण कुठे आहे ते शोधायला मी उठलेसुद्धा. टिल्लू आली, शेजारी बसली. मी विचारलं, जेवतेस ना? झोप होते? ती "हो" म्हणाली, "हो" म्हणाली. माझ्याच कानाला ती हजेरी ऐकू आली आणि मी जीभ चावली. दुसरं काही सुचेना म्हणून गप्प बसले. पंधरा-वीस मिनिटं आम्ही दोघी मान वर करून कुठल्यातरी देशातलं हवामान बघत होतो. घड्याळ पुढे सरकत होतं आणि मी काही करत नव्हते, काही विचारत नव्हते. माझ्यानं ते कसं झालं, मला माहीत नाही. थकले होते बहुतेक.

मग ती म्हणाली, "आई, इथे काही ऐकू येत नाही. बाहेर चल."

इमारतीच्या मागे कपडे वाळत घालायची जागा आहे. तिथल्या पायरीवर बसलो. ती बोलायला लागली. मी मध्ये एकदाही बोलले नाही. मध्ये एकदा तिनं माझा हात धरला, मग सोडला, मग पुन्हा धरला. पाचची घंटा झाली, रखवालदार एकदा येऊन गेला, दुसऱ्यांदा येऊन खाकरला, तेव्हा कुठे आम्ही उठलो.

ती काय बोलली ते सगळं तुला लिहायचं म्हणून आज कागद घेतला होता. अर्धं पान लिहिलंही. ते फाडलं. ते तिचं आणि माझं आहे, दादा. तुला सांगणार नाही.

आणि तूही आता मला लांब पत्रं लिहू नकोस. लिहावंसं वाटलं की पेन खाली ठेव, आत जा आणि वहिनीला सांग. मला खुशालीचं कार्ड पुरे.

तुझी धाकटी